आविन्यों: सहा दिवस, पाच रात्री

पहिला दिवस, मंगळवार, २ जुलै २०२४

लियोंहून सुटलेली वेगवान गाडी तास-सव्वातासात आविन्योंला पोहोचते खरी, पण ते नवे स्थानक गावाबाहेर आहे आणि तटबंदीच्या दारापर्यंत यायला पाच मिनिटांची आणखी एक छोटी गाडी पकडावी लागते. दक्षिण फ्रान्समधल्या या गावचा उन्हाळी नाट्यमहोत्सव पाहायला निघाले होते. लियोंला शिकणारी माझी भाची सोबत होती. तिकिटे तिने काढली होती, फ्रेंच तिला येते, त्यामुळे या प्रवासात निर्णय घेण्याचा अधिकार तिच्याकडे होता आणि तक्रार करण्याचा माझ्याकडे. भर दुपारच्या उन्हात तिने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, शाल घेतलीस ना?" मी हसले. त्या हसण्याची वसुली चौथ्या रात्री झाली.

जुने आविन्यों सव्वाचार किलोमीटरच्या तटाने वेढलेले आहे. चौदाव्या शतकात कॅथलिक पोपनी रोम सोडून येथे बस्तान मांडले आणि एकामागून एक सात पोप येथूनच ख्रिस्ती जगाचा कारभार पाहत राहिले. १३४८ साली सहाव्या क्लेमेंटने नेपल्सच्या राणी जोआनाकडून हे गाव ऐंशी हजार फ्लोरिन मोजून विकतच घेतले. पुढे पोप रोमला परतले, तरी गाव फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत त्यांच्याच मालकीचे होते. ही इतिहासाची उजळणी मी वहीत उतरवून आणली होती. मात्र तटाच्या दारातून आत पाऊल टाकताच डोळ्यांत भरतो तो इतिहास नव्हे, तर पुठ्ठा. दिव्याचा खांब, खिडकीचे गज, गॅलरीचा कठडा, पावसाच्या पाण्याचा नळ, जिथे म्हणून सुतळी बांधता येईल तिथे पुठ्ठ्यावर चिकटवलेली नाटकाची पोस्टरे टांगलेली होती. एका खांबावर मी सतरा मोजली आणि पुढे मोजणे सोडून दिले.

ही सगळी पोस्टरे 'ऑफ'ची. येथे महोत्सव एक नाही, दोन आहेत, आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घेतलेली बरी. एक अधिकृत महोत्सव, ज्याला लोक 'इन' म्हणतात. त्यात संचालक जगभरातून नाटक, नृत्य, संगीत, वाचन आणि दृश्यकला यांचे चाळीसेक प्रयोग निवडून आणतो. दुसरा 'ऑफ', ज्यात निवड कोणीच करत नाही. १९६६ साली आंद्रे बेनेदेत्तो या आविन्योंच्याच नाटककाराने अधिकृत कार्यक्रमाला न जुमानता आपले नाटक स्वतःच्या जागेत लावले आणि त्याच्या मागोमाग इतर येत गेले. आज 'ऑफ'मध्ये दीड हजारांहून अधिक नाटके होतात. दोन्ही महोत्सव एकाच वेळी भरतात. या वर्षी पॅरिसच्या ऑलिम्पिकसाठी पोलिसांची गरज लागणार असल्याने दोन्हींच्या तारखा थोड्या अलीकडे आल्या होत्या, 'इन'च्या २९ जून ते २१ जुलै अशा.

घड्याळाच्या चौकात पाच मिनिटे उभे राहिलो तेवढ्यात हातात अकरा पत्रके जमा झाली. पत्रक देणारा हा कोणी भाड्याचा माणूस नसतो. तो त्या नाटकातला नट असतो, बहुधा वेशभूषेसह, आणि तो तुम्हाला थांबवून दोन मिनिटांत गोष्ट सांगतो. आम्हाला थांबवले ते डोक्याला फडके बांधलेल्या, हातात पत्र्याची बादली घेतलेल्या तिशीतल्या एका बाईने. एका धोबिणीची गोष्ट आहे, मी एकटीच करते, रोज सकाळी पावणेअकराला आणि आज अपवाद म्हणून संध्याकाळीही, असे ती म्हणाली. तिच्या बादलीत खरोखरच पाणी होते. आम्ही यायचे कबूल केले आणि गल्ल्यांत वाट चुकून दोन मिनिटे उशिरा पोहोचलो. दार बंद. दारावरच्या मुलाने खांदे उडवले. पुढचे नाटक त्याच रंगमंचावर लगेच असल्यामुळे येथे कोणासाठीही थांबत नाहीत. नाटक वीस मिनिटे उशिरा सुरू होण्याची सवय असलेल्या मला हा अपमान वाटला, भाचीला मात्र तो शिस्तीचा धडा वाटला. रात्री आमच्या खोलीतला पंखा फिरत होता, पण वारा देत नव्हता.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी रंगाऱ्यांच्या गल्लीत गेलो. गोट्यांची फरसबंदी, प्लेन वृक्षांची सावली आणि गल्लीच्या कडेने सोर्ग नदीचा अरुंद कालवा. कालव्यात शेवाळलेली लाकडी पाणचक्क्यांची चाके आहेत, पूर्वी वीसहून अधिक होती, आता चारच उरली आहेत. काठावर खुर्च्या टाकून लोक कॉफी पीत कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करत बसले होते. गल्लीचे नाव तेथल्या रंगाऱ्यांवरून पडले, आणि त्या रंगाऱ्यांच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. सतराव्या शतकात भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने फ्रान्सला वेड लावले. त्या कापडाला ते 'आंदिएन', म्हणजे सरळ 'भारतीय', असेच म्हणत. रेशीम आणि लोकर विणणाऱ्या देशी धंद्यावर गदा येऊ लागली, तेव्हा १६८६ मध्ये फ्रान्सच्या राजाने असे कापड आणण्यावर आणि छापण्यावरही बंदी घातली. आविन्यों राजाचे नव्हते, पोपचे होते, त्यामुळे बंदी तटाबाहेरच थांबली. येथल्या छापखान्यांनी हात धुऊन घेतले. फ्रान्सने दबाव आणून १७३४ मध्ये पोपकडूनच हा धंदा बंद करवला तोपर्यंत ही गल्ली आपल्याकडच्या नक्षीची नक्कल करून पोट भरत होती. सुरतेच्या बंदरातून गेलेल्या कापडाचा हा एक परदेशी पुतण्या म्हणायचा.

हे मी मुद्दाम लांबवून सांगते आहे, कारण त्याच दिवशी पाहिलेले नाटक कापडाचेच होते. कारोलिन गिएला न्गुएन या फ्रेंच दिग्दर्शिकेचे 'लाक्रिमा' एका शाळेच्या व्यायामशाळेत होते. 'इन'ची कितीतरी नाटके अशा शाळांतच होतात, कारण जुलैत शाळा रिकाम्या असतात. गोष्ट अशी की, इंग्लंडच्या राजकन्येच्या लग्नाचा पोशाख शिवण्याचे काम पॅरिसच्या एका बड्या फॅशनगृहाला मिळते. काम गुप्त ठेवायचे असते आणि ते तीन ठिकाणी वाटले जाते. पोशाखाची शिलाई पॅरिसच्या कार्यशाळेत होते, लेसचे काम नॉर्मंडीतल्या अलाँसों गावच्या बायकांकडे जाते आणि मोत्यांचे भरतकाम मुंबईतल्या एका कारागिराकडे.

दर्शनी पडदा नसलेल्या रंगमंचावर लांबलचक पांढरी टेबले, कापडाचे पुतळे आणि वर सिनेमासारखा मोठा पडदा. नट काम करत असतानाच कॅमेरा त्यांच्या बोटांजवळ जातो आणि सुईचे टोक पडद्यावर माणसाएवढे दिसते. पॅरिसच्या कार्यशाळेची प्रमुख मारियों दिवसा राजकन्येचा पोशाख सांभाळते आणि घरी नवऱ्याचा जाच सोसते. अलाँसोंच्या बायकांनी आयुष्यभर धाग्यावर नजर खिळवून ठेवलेली आहे. आणि मुंबईतला अब्दुल गनी, ज्याच्या हाताला जगात तोड नाही, त्याची नजर अधू होत चालली आहे. तीन तासांना थोडे कमी असलेले हे नाटक फ्रेंच, इंग्रजी, तमिळ आणि खुणांच्या भाषेत चालते. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होताना तेच टेबल पॅरिसचे मुंबई होते, फक्त त्याच्याभोवती बसायची पद्धत बदलते.

येथे माझी एक कुरबूर आहे. माझे लहानपण कुर्ल्याला गेले. आमच्या चाळीमागे असा एक कारखाना होता. लाकडी चौकटीवर ताणून बांधलेले कापड, त्याला 'अड्डा' म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेली दहा-बारा माणसे. वरच्या हातात आरी, म्हणजे बारीक आकड्याची सुई, आणि खालचा हात कापडाखाली दोरा पुरवणारा, जो कोणालाच दिसत नाही. ती माणसे उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालकडची होती, त्यांच्या तोंडी उर्दू मिसळलेली हिंदी होती. रंगमंचावरचा मुंबईचा कारागीर तमिळ बोलतो तेव्हा माझ्या कानाला खटकले. प्रेक्षागृहात ते कोणालाही खटकले नसावे. पण पुढच्याच प्रसंगात तो नट कापडावर झुकला, एक डोळा किंचित बारीक करून त्याने धागा उजेडात धरला, आणि मी भाषेचा हिशेब सोडून दिला. आमच्या कारखान्यातले चाचा अगदी असेच करत. भाची म्हणाली, "तू रडतेस?" मी म्हटले, शीर्षकाचा लॅटिन अर्थच अश्रू असा आहे, तेव्हा त्यात काही नवल नाही.

तिसरा दिवस, गुरुवार

आज सकाळी धोबिणीकडे वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचलो. जागा म्हणजे एक जुने गॅरेज, काळे पडदे लावून केलेले नाट्यगृह, चाळीस-पन्नास खुर्च्या. प्रेक्षक आम्ही धरून अकरा. नाटक पन्नास मिनिटांचे. दोन बादल्या, एक दोरी, ओल्या चादरी आणि चादर पिळण्याच्या आवाजावर बेतलेले एक गाणे. फार थोर नव्हते. पण एका क्षणी ती पिळलेल्या चादरीचे तान्हे मूल करते आणि त्यातून थेंब थेंब पाणी फरशीवर पडत राहते, ते मी विसरणार नाही. टाळ्या थांबायच्या आत तिने स्वतःच फरशी पुसायला घेतली, एका मुलाने दिवे उतरवले आणि दाराबाहेर पुढच्या मंडळींची गाडी सामान घेऊन उभी होती. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती धोबीण ओल्या केसांनी पुन्हा चौकाकडे, पत्रके वाटायला निघाली होती.

'ऑफ'चे गणित भाचीच्या ओळखीतल्या एका प्रकाशयोजनाकाराने जेवताना समजावून सांगितले. एकेका जागेत सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत सात-आठ नाटके लागतात. प्रत्येक संस्था आपल्या वेळेचे भाडे महिनाभरासाठी आधीच भरते. त्यावर राहण्याचा, खाण्याचा आणि पोस्टरांचा खर्च. सवलतीचे 'ऑफ' कार्ड घेतलेला प्रेक्षक तीस टक्के कमी पैसे देतो. अशा हिशेबात तिकीटविक्रीतून भाडे निघाले तरी नशीब. मग लोक येतात कशाला? कारण फ्रान्सभरच्या नाट्यगृहांचे व्यवस्थापक येथे नाटके पाहायला आणि पुढच्या हंगामासाठी विकत घ्यायला येतात. म्हणजे ही जत्रा तशी बाजारही आहे. आपल्या एकांकिका स्पर्धांतला 'आव्वाज कुणाचा' येथे नाही, पण त्या वयातली ती धुगधुगी प्रत्येक कोपऱ्यावर आहे, फक्त तिच्या पाठीशी कर्जाचा हप्ता उभा आहे.

त्याने आणखी एक आकडा सांगितला, ५०७. फ्रान्समध्ये नाटक-सिनेमातल्या कलाकार-तंत्रज्ञांना दोन कामांच्या मधल्या काळात बेकारभत्ता मिळतो, त्यासाठी वर्षात किमान ५०७ तास काम केल्याची नोंद लागते. २००३ साली हे तास भरण्याची मुदत वर्षावरून कमी करायचे ठरले. आविन्योंचे कलाकार आणि कामगार संपावर गेले आणि अधिकृत महोत्सव त्या वर्षी रद्द करावा लागला. ही गोष्ट तो आमच्याच घरात कोणी वारल्यासारखी सांगत होता. माझ्या वहीत पोपांची नावे होती, हा आकडा नव्हता.

दुपारी महोत्सवाचा संस्थापक, दिग्दर्शक जाँ व्हिलार याच्या नावाच्या संग्रहालयात गेलो. १९४७ मध्ये पोपच्या राजवाड्यातल्या मोठ्या प्रार्थनागृहात आधुनिक चित्रांचे प्रदर्शन भरणार होते, त्या निमित्ताने एक नाटक करावे असे व्हिलारला सुचवण्यात आले. राजवाड्याचे अंगण फार मोठे आहे म्हणून तो आधी नको म्हणाला, आणि मग एकाऐवजी तीन नाटके करतो म्हणून परत आला. सप्टेंबरातल्या त्या एका आठवड्यात लष्कराच्या अभियंत्यांनी ठोकून दिलेल्या रंगमंचावर शेक्सपियरचा दुसरा रिचर्ड उभा राहिला. एकूण ४,८०० प्रेक्षक आले, त्यांतल्या २,९०० जणांनी तिकीट काढले होते. उरलेले फुकटे, असा हिशेब महोत्सवाच्या इतिहासात प्रामाणिकपणे नोंदलेला आहे, हे मला फार आवडले. नाटक ही पाणी, गॅस आणि विजेसारखी सार्वजनिक सेवा आहे, असे व्हिलार मानत असे. १९६८ च्या जुलैत मात्र पॅरिसच्या आंदोलनातून आलेल्या तरुणांनी त्यालाच सरकारी माणूस ठरवले आणि यमक जुळते म्हणून त्याचे आणि नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजारचे नाव पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याशी जोडून 'व्हिलार, बेजार, सालाझार' अशा घोषणा दिल्या. योगायोग असा की आजचा संचालक तियागो रोद्रिगेश हा पोर्तुगीज आहे, आविन्योंचा पहिला परदेशी संचालक.

त्या रात्री झोप झाली नाही. फ्रान्समध्ये संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी गेल्या रविवारी झाली होती, तीत अतिउजव्या पक्षाने आघाडी घेतली होती आणि दुसरी फेरी येत्या रविवारी होती. रोद्रिगेशने या पक्षाच्या विरोधात राजवाड्याच्या अंगणात रात्रभराची सभा बोलावली. मध्यरात्रीनंतर दारे उघडली. कलाकार, कामगार संघटनांचे लोक, गावकरी येऊन बोलत होते, कोणी कविता वाचत होते, कोणी गात होते. परक्या देशाच्या निवडणुकीत मी काय बोलणार, मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. भाची कानाशी भाषांतर करत होती आणि मधूनच थांबत होती. एकदा मी कोपराने ढोसले तेव्हा म्हणाली, "थांब गं, आता मला ऐकू दे." माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी बरोबर उशी आणली होती. सभा अर्ध्यावर असताना ते झोपले आणि टाळ्या वाजल्या की न उठता टाळ्या वाजवत.

चौथा दिवस, शुक्रवार

अकरापर्यंत झोपलो. मग राजवाडा दिवसाउजेडी पाहिला. बाहेरून तो राजवाडा वाटतच नाही, किल्ला वाटतो. बाराव्या बेनेडिक्टने बांधलेला भाग उदास आणि जाडजूड, तर त्याच्यामागून आलेल्या सहाव्या क्लेमेंटने बांधलेला भाग ऐटबाज. क्लेमेंटच्या खासगी दालनाच्या भिंतींवर शिकारीची, मासेमारीची आणि फळझाडांची चित्रे आहेत, त्यांत देवाधर्माचे नावही नाही. मेजवान्यांचे दालन ४८ मीटर लांब आहे आणि आज पूर्ण रिकामे आहे. बाकीच्या खोल्यांविषयी मार्गदर्शकाच्या टॅब्लेटवर बरेच काही होते, मी ते वाचले नाही. पाय दुखत होते.

रात्री पुन्हा त्याच अंगणात, या वेळी नाटकाला. हे 'मानाचे अंगण' म्हणजे चारही बाजूंनी दगडी भिंती, वर उघडे आकाश आणि मध्ये दोन हजार माणसांची उतरती बैठक. दहाच्या सुमारास अजून थोडा उजेड असतो आणि पाकोळ्या चिरक्या आवाजात भिंतींच्या कडेने गोल गोल फिरत असतात. तेवढ्यात तुतारीचे सूर वाजतात. हे सूर मोरिस जारने व्हिलारसाठी बांधले होते, तोच जार जो पुढे सिनेमाच्या संगीतासाठी जगभर नावाजला गेला. तिसऱ्या वेळी सूर वाजले की दोन हजार माणसे गप्प होतात. पाकोळ्या होत नाहीत.

नाटक स्पेनच्या आंजेलिका लिदेलचे होते, 'डेमॉन: बर्गमनची अंत्ययात्रा', आणि हा त्याचा शेवटचा प्रयोग होता. या वर्षी महोत्सवाची पाहुणी भाषा स्पॅनिश होती. स्वीडनचा दिग्दर्शक इंगमार बर्गमन याने आपल्या अंत्यविधीची आखणी आधीच करून ठेवली होती आणि पोप दुसरा जॉन पॉल याच्या शवपेटीसारखी साधी लाकडी पेटी त्याला हवी होती. त्या धाग्यावरून लिदेल पोपच्या घरात येऊन मरणाविषयी बोलते. रंगमंच रक्ताच्या लाल रंगाचा. चाकाच्या खुर्च्यांतून वृद्ध माणसे येतात, उघड्या शरीरांची, थकलेली. सुरुवातीला ती एकटीच उभी राहून आपल्या नाटकांवर फ्रेंच समीक्षकांनी लिहिलेली वाक्ये नावानिशी वाचून दाखवते आणि त्यांना शिव्या घालते. प्रेक्षक हसतात, काही अस्वस्थ होतात. मला तो भाग लांबलेला आणि किंचित पोरकट वाटला. स्वतःचा राग काढायला पोपचे अंगण मिळाले म्हणून तो राग मोठा होत नाही. पण नंतर ती बोलायची थांबली, रंगमंचावर फक्त ती वृद्ध माणसे उरली आणि मागची ती भली मोठी भिंत. सहाशे-पावणेसातशे वर्षांच्या दगडासमोर ऐंशी वर्षांचे शरीर ठेवले की नटाला अभिनय करावा लागत नाही. त्या भिंतीचा उपयोग कसा करायचा हे व्हिलारपासून प्रत्येक दिग्दर्शकापुढचे कोडे आहे. कोणी ती पडद्याने झाकतात, कोणी तिच्यावर चढतात. लिदेलने ती तशीच सोडली.

मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरतो आणि या अंगणात येऊन घुमतो. साडेअकराला मी दातखिळी बसल्यासारखी झाले. शेजारच्या फ्रेंच बायका पिशव्यांतून घोंगड्या काढून पायांवर घेत होत्या, जशा आपण पुण्याला सवाई गंधर्वला स्वेटर-शाली घेऊन बसतो. माझी शाल खोलीवर घडी घातलेली होती. भाचीने आपली अर्धी शाल माझ्याकडे सरकवली आणि एक शब्दही बोलली नाही, ते जास्त लागले.

पाचवा दिवस, शनिवार

दिवसा नदीपलीकडच्या व्हिलनव्ह गावी जाऊन जुना मठ पाहिला. थंड, शांत, सुंदर. आज तेथे नाटककार राहून लेखन करतात. याहून जास्त लिहावे असे काही घडले नाही. आमचे लक्ष रात्रीकडे होते.

बुलबोंची दगडाची खाण आविन्योंपासून पंधरा किलोमीटरवर आहे. महोत्सवाच्या बसने जायचे, मग दोन्ही बाजूंच्या झुडपांतून धुळीच्या वाटेने चालायचे. एकाएकी समोर कापलेल्या चुनखडीचा उंच पांढरा कडा उभा राहतो. ही जागा नाटकासाठी शोधली ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रुकने, आणि शोधली ती महाभारतासाठी. जुलै १९८५ मध्ये त्याचे नऊ तासांचे महाभारत याच कड्याखाली पहिल्यांदा झाले. कधी ते तीन रात्रींत विभागून होई, तर कधी एकाच रात्री सुरू होऊन सूर्योदयाला संपे. द्रौपदीचे काम मल्लिका साराभाई यांनी केले होते, बाकी पात्रे अनेक देशांतली. फ्रेंच संहिता लिहिणाऱ्या जाँ-क्लोद कारिएरच्या आडनावाचा अर्थच मुळी 'खाण'. असा योग कादंबरीत आला असता तर संपादकाने काटला असता. ब्रुकच्या महाभारतावर आपल्याकडे बरीच टीका झाली, त्यातली काही मला पटते. गीतेला तेथे फारच थोडा वेळ मिळाला. पण त्या कड्यासमोर उभे राहिल्यावर कुरुक्षेत्रासाठी त्याने ही जागा का निवडली हे विचारावे लागत नाही. मध्यंतरी काही वर्षे ही खाण बंद होती, ती २०२३ मध्ये रोद्रिगेशच्या पहिल्या महोत्सवात पुन्हा उघडली.

आजचे नाटक रोद्रिगेशनेच लिहून दिग्दर्शित केलेले होते, 'हेक्युबा, हेक्युबा नव्हे', आणि ते करत होती कोमेदी-फ्राँसेज या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेची नटमंडळी. एक नाटकमंडळी प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'हेक्युबा'ची तालीम करत आहे. ट्रॉय जळाले आहे, राणी हेक्युबा गुलाम झाली आहे. ज्या मित्र राजाच्या हवाली तिने आपला लहान मुलगा केला होता त्यानेच त्याला मारले आहे, आणि ती न्याय मागते आहे. हेक्युबाचे काम करणाऱ्या नटीचे नाव नादिया. तिचा मुलगा स्वमग्न आहे. ज्या सरकारी संस्थेच्या हवाली तिने त्याला केले तेथे त्याचे हाल झाले आहेत आणि ती कोर्टात गेली आहे. तालमीचे टेबल वकिलाचे टेबल होते, ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन करणारा नट सरकारी वकील होतो आणि काळे कपडे घातलेल्या त्या सात जणांत कोण कोणत्या गोष्टीतले आहे हे ओळखण्याच्या खेळात प्रेक्षक गुंततो. एल्सा लप्वाव्र या नटीने नादिया केली. तिने आवाज चढवला तो एकदाच. बाकी सारे नाटक तिने कागदपत्रे चाळणाऱ्या बाईच्या थकव्यावर तोलले. रंगमंचावर एका कुत्रीचा भलामोठा पुतळा उभा असतो, कारण पुराणकथेत हेक्युबा शेवटी कुत्री होते. मुलाच्या आवडत्या कार्टूनमधल्या कुत्रीचीही गोष्ट त्यात विणलेली आहे.

माझे मन अर्थातच भरकटले. याच कड्याखाली एकोणचाळीस वर्षांपूर्वी एक बाई भर सभेत उभी राहून कायद्याचा प्रश्न विचारत होती, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, आणि भीष्मांना उत्तर देता आले नव्हते. आज दुसरी बाई तेच विचारत होती आणि समोर बसलेला अधिकारी तितक्याच सभ्यपणे, नियमावलीकडे बोट दाखवत गप्प होता. परतीच्या बसमध्ये मी हे भाचीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या केसांत अख्खी खाण आली आहे." खरेच, पांढरी बारीक धूळ डोक्यावर, चष्म्यावर, चपलांवर सगळीकडे होती. रात्री दीड वाजता खोलीवर केस धुतले.

सहावा दिवस, रविवार, ७ जुलै

मतदानाचा दिवस. एका शाळेच्या दारावर महोत्सवाची पाटी आणि दुसऱ्या शाळेच्या दारावर मतदानकेंद्राची. दोन्हीकडे रांग. महिनाभर घराबाहेर असणाऱ्या कलाकारांनी आपले मत घरच्या कोणाच्या तरी हाती सोपवले होते. तशी सोय तेथे कायद्यात आहे. गावात आज पत्रके वाटणारे थोडे कमी आणि फोनवर बोलणारे जास्त होते.

आमची गाडी बाराची होती. मंडईत पीच घेतले, त्यातला एक तिथेच खाल्ला आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तटाच्या दाराकडे जाताना एक पोस्टर सुतळी तुटून वाऱ्यावर फडफडत होते. ते बांधायला एक बाई फुटपाथवरच्या खुर्चीवर चढली होती. डोक्याला फडके, खाली पत्र्याची बादली. तिने दातांत धरलेली सुतळी काढून गाठ मारली, खुर्चीवरून उतरली आणि आमच्याकडे वळली. मी ओळखीचे हसले. गुरुवारच्या अकरा प्रेक्षकांत आम्ही दोघीच साडी आणि कुर्ता घातलेल्या होतो, तेव्हा ओळख पटायला हरकत नव्हती. तिने मात्र मला ओळखले नाही. फिकट निळे पत्रक तिने माझ्या चिकट हातात ठेवले, गोष्ट एका धोबिणीची आहे असे सांगितले आणि घड्याळाकडे पाहून म्हणाली, "पावणेअकराला. उशीर करू नका हं, दार बंद होते."

साडेदहा झाले होते. भाचीने माझ्याकडे पाहिले, मी बॅगांकडे पाहिले, आणि आम्ही गॅरेजच्या दिशेने चालू लागलो.